चार सिलिंडर, सहा मिलिमीटर: २.० लिटरच्या इंजिनाच्या जागी २.४ लिटरचे बसवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मित्सुबिशीचे ४जी६ हे चार-सिलिंडर इंजिनांचे कुटुंब सिरियस या नावानेही ओळखले जाते. सिलिंडर ज्यात असतात तो ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर व्हॉल्व्ह बसलेले अ‍ॅल्युमिनियमचे हेड, पाच मेन बेअरिंग आणि १-३-४-२ असा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम. त्यातले सर्वांत गाजलेले ४जी६३. लान्सर इव्होल्यूशन या गाडीच्या पहिल्यापासून नवव्या आवृत्तीपर्यंत हेच इंजिन होते.

कारखाना एका मूळ आराखड्यातून किती इंजिने काढतो ते या कुटुंबात छान दिसते. ८८ मिमी स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) कायम ठेवून बोअर (सिलिंडरचा व्यास) ८०.६ मिमी केला की १,७९६ सीसीचे ४जी६२ होते, ८१.५ केला की १,८३६ सीसीचे ४जी६७ आणि ८५ केला की १,९९७ सीसीचे ४जी६३. त्याखाली ८२.३ × ७५ मापाचे १,५९५ सीसीचे ४जी६१. आणि ४जी६३ च्या वर ८६.५ × १०० मापाचे, २,३५१ सीसीचे ४जी६४. आपल्या प्रकरणाचा संबंध ४जी६३ आणि ४जी६४ या दोघांशी. गाडी, मालक आणि वर्कशॉप यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. या कामात हिशेबाची बाजू माझ्याकडे होती.

गाडी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची, ४जी६३ टर्बोची. रोजच्या वापरातली, अधूनमधून ट्रॅकवर जाणारी. या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ राखणाऱ्या टायमिंग बेल्टच्या आत, थरथर शमवणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा एक छोटा बेल्ट असतो. तो बदलायची मुदत कधीच उलटून गेली होती. तो तुटला, त्याचे तुकडे मोठ्या बेल्टखाली गेले, बेल्टने दात सोडले आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले. हेड दुरुस्त होण्याजोगे होते. ब्लॉक मात्र आधीच एकदा ओव्हरसाइज झालेला, म्हणजे सिलिंडर घासून मोठे केलेला होता आणि एका सिलिंडरवर खोल ओरखडा होता.

अडचण

नाहीतरी इंजिन उघडायचेच आहे, तर थोडे मोठे करून घेऊ, असे मालकाच्या मनात आले. टर्बो भरेपर्यंत गाडी खालच्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) सुस्त वाटते ही त्याची जुनी तक्रार होती. वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायच्या आधीच त्याने टर्बो नसलेल्या एका गाडीतले ४जी६४ विकत घेऊन ठेवले होते. "एकाच घरातली इंजिनं आहेत ना? मग हेड उचलायचं आणि यावर ठेवायचं," असे त्याला कोणीतरी सांगितले होते.

हे म्हणणे निम्मे खरे आहे. हेडच्या बोल्टच्या जागा, सिलिंडरांच्या केंद्रांमधले अंतर आणि मेन बेअरिंगची जागा दोन्हींत जुळतात, म्हणून हेड बसते. ते बसल्यानंतर पुढे काय काय बदलते, हा खरा प्रश्न होता, आणि मालकाला कोणी तो सांगितला नव्हता.

दोन्ही ब्लॉकची उंची, म्हणजे क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, शेजारी मांडली की डिझायनरने काय केले ते उलगडते. ४जी६३ ची उंची २२९ मिमी, ४जी६४ ची २३५. दोन्हींचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणारे रॉड, १५० मिमी. आता बेरीज करा. ४जी६३ मध्ये अर्धा स्ट्रोक ४४, रॉड १५०, आणि गजन पिनच्या (रॉड पिस्टनला जोडणाऱ्या पिनच्या) मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंत ३५: झाले २२९. ४जी६४ मध्ये ५०, १५० आणि पुन्हा ३५: २३५. स्ट्रोक १२ मिमीने वाढला, त्याच्या निम्मे म्हणजे ६ मिमी ब्लॉक उंच केला, आणि रॉडची लांबी व पिस्टनची उंची जागची हलू दिली नाही. कारखान्याच्या दृष्टीने हा फार शहाणपणाचा सौदा आहे. पण त्यासाठी द्यावी लागलेली किंमत रॉडच्या कोनात दडलेली असते आणि ती गाडी चालवणाऱ्याच्या सीटपर्यंत पोहोचते.

पर्याय

चार पर्याय कागदावर मांडले.

पहिला पर्याय, दुसरा चांगला ४जी६३ ब्लॉक शोधून गाडी होती तशी करणे. सर्वांत कमी जोखमीचा. मालकाने तो ऐकूनच घेतला नाही, आणि त्याची मूळ तक्रार पाहता ते रास्तही होते.

दुसरा, २२९ मिमीच्या लहान ब्लॉकमध्ये ४जी६४ चा १०० मिमी स्ट्रोकचा क्रँक टाकणे. बोअर ८५ च्या आसपास राहतो, क्षमता साधारण २.३ लिटर होते. यात गाडीच्या बाहेरचे काहीच बदलावे लागत नाही. इनटेक, एक्झॉस्ट, टर्बोचे पाइप, टायमिंग बेल्ट सगळे जागच्या जागी. मात्र २२९ मधून ५० आणि १५० वजा केले की पिस्टनला २९ मिमीच उरतात. गजन पिन वर सरकते, ऑइल रिंगला जवळजवळ टेकते, आणि पिस्टन खास बनवून घ्यावे लागतात. शिवाय लहान ब्लॉक म्हणजे पुन्हा नवा ब्लॉक शोधणे आलेच.

तिसरा, ४जी६४ चा उंच ब्लॉक, त्याचाच क्रँक, १५० चे रॉड आणि ३५ मिमी उंचीचे नवे पिस्टन. त्यावर ४जी६३ चे टर्बोचे हेड.

चौथा, तोच उंच ब्लॉक पण १५६ मिमीचे रॉड आणि २९ मिमीचे पिस्टन. याचे चाहते पुष्कळ आहेत. रॉडची लांबी भागिले स्ट्रोक हे गुणोत्तर १.५ वरून १.५६ वर जाते आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर कमी दाबला जातो, असा त्यांचा युक्तिवाद. ४जी६३ मध्ये हे गुणोत्तर १.७ आहे, म्हणून १.५ ऐकून माणूस दचकतो. प्रत्यक्ष कोन काढून पाहिले: ४जी६३ मध्ये रॉड जास्तीत जास्त १७ अंश कलतो, १०० मिमी स्ट्रोक आणि १५० च्या रॉडला साडेएकोणीस अंश, १५६ च्या रॉडला १८.७. म्हणजे एका अंशापेक्षाही कमी सुधारणा मिळवण्यासाठी पिस्टनमधून ६ मिमी धातू काढून टाकायचा. ट्रॅकवरच राहणाऱ्या इंजिनाचे गणित वेगळे असेल, पण रोज चालणाऱ्या टर्बो गाडीत मला तो धातू रिंगांच्या मध्ये असलेला बरा वाटतो.

तिसरा पर्याय ठरला. ब्लॉक हाताशी होता हेही एक कारण होतेच.

पहिला निर्णय: किती आरपीएम?

पिस्टन मागवण्याआधी मालकाकडून एक गोष्ट लिहून घेतली: इंजिन किती फिरवायचे. मूळ २.० टर्बोला ७,००० आरपीएमपर्यंत फिरण्याची सवय होती. ८८ मिमी स्ट्रोकला ७,००० वर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २०.५ मीटर होतो. १०० मिमीला त्याच आरपीएमवर २३.३. जुना वेग राखायचा तर २.४ ला ६,१५० च्या आसपास थांबावे लागेल. ६,५०० ला मर्यादा घातली, जिथे वेग २१.७ येतो. नव्या फोर्ज्ड पिस्टनला आणि चांगल्या रॉड बोल्टना हे जड नव्हते.

मालक थोडा हिरमुसला. वरचे ५०० आरपीएम गेले तरी खालून मिळणारा टॉर्क त्याला हवा होता तोच आहे, हे पटवायला वेळ लागला. मोठा स्ट्रोक आणि जास्त आरपीएम दोन्ही हवे असणारे लोक नेमके याच जागी इंजिन गमावतात.

दुसरा निर्णय: कॉम्प्रेशन

हेड तेच, पण खालची क्षमता वाढलेली. या गाडीच्या २.० टर्बोचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची जागा, ७.८ होता. एका सिलिंडरचे ४९९ सीसी धरले तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ७३.४ सीसी. विकत आणलेल्या ४जी६४ ब्लॉकचा बोअर झिजलेला होता, त्यामुळे तो अर्धा मिमी ओव्हरसाइज करून ८७ केला. आता एका सिलिंडरमध्ये ५९४.५ सीसी, एकूण २,३७८. वरची जागा तेवढीच ठेवली तर रेशो थेट ९.१ वर जातो. टर्बो नसलेल्या गाडीला हा आकडा मामुली आहे. जुन्या ईसीयूवर (इंजिनाच्या संगणकावर) चालणाऱ्या टर्बो गाडीत मात्र नॉकिंग, म्हणजे इंधनाचे बेलगाम पेटणे, सुरू व्हायला तो पुरतो.

लक्ष्य ८.३ ठेवले. त्यासाठी वर ८१.४ सीसी जागा हवी, म्हणजे पिस्टनच्या माथ्यावरचा खळगा सिलिंडरमागे ८ सीसी मोठा. हे पिस्टन बनवणाऱ्याला कळवायच्या आधी ब्लॉकची उंची मोजायला हवी होती. ती मोजली गेली नाही, पुस्तकातला २३५ हा आकडाच दिला गेला. पिस्टन आल्यावर कच्ची जोडणी करून डायल गेज लावले तेव्हा पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या ०.२ मिमी वर आला. कधीतरी कोणीतरी त्या ब्लॉकचे फेसिंग केले होते, म्हणजे वरचा पृष्ठभाग घासून सपाट केला होता. ०.२ मिमी म्हणजे सव्वा सीसीच्या आतबाहेर, रेशो ८.४ झाला. एवढे चालले. अर्धा मिमी असता तर नवे कोरे पिस्टन पुन्हा खरवडावे लागले असते.

हेड गॅसकेटही ८७ पेक्षा मोठ्या भोकाचे घ्यावे लागले. जुने गॅसकेट बसते, दिसतेही बरोबर, पण त्याची कड सिलिंडरच्या आत डोकावते आणि आगीत लाल होते.

प्रत्यक्ष काम

जोडणीत सहा मिलिमीटरने जागोजाग हजेरी लावली. हेड उंच झाले म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बो आणि इनटेक सगळेच वर गेले. डाउनपाइपचा फ्लँज जुळेना, टर्बोचा ऑइल परतीचा पाइप ताणला गेला, टायमिंगचे वरचे कव्हर जुन्या भोकांवर बसेना. यातले काहीच अवघड नव्हते, फक्त प्रत्येकाला हात लावावा लागला.

टायमिंग बेल्टचा प्रश्न जास्त गंभीर होता. उंच ब्लॉकला लांब बेल्ट लागतो, तो मिळाला. पण क्रँक आणि कॅम यांच्यातले अंतर वाढले ते बेल्टच्या पूर्ण दाताच्या हिशेबाने वाढलेले नाही. त्यामुळे पुल्लीवरच्या खुणा जुळल्यासारख्या दिसतात आणि कॅम काही अंश सरकलेला असतो. कॅमला फिरवून बसवता येणाऱ्या पुल्ल्या लावल्या, डिग्री व्हील (अंश मोजायची तबकडी) चढवले आणि खुणांकडे न पाहता व्हॉल्व्हची उचल मोजून टायमिंग जुळवले.

एक खोळंबा टाळता आला असता. १९९२ च्या आसपास या कुटुंबात क्रँकला फ्लायव्हील धरणारे सहा बोल्ट बदलून सात झाले. मालकाची गाडी सहा बोल्टची, आणलेला क्रँक सात बोल्टचा. हे कळले ते इंजिन पूर्ण बांधून झाल्यावर, फ्लायव्हील हातात धरल्यावर. मग सात बोल्टचे फ्लायव्हील शोधणे आले.

तिसरा निर्णय: बॅलन्स शाफ्ट

सर्वांत जास्त वाद इथे झाला. ज्या छोट्या बेल्टने घात केला तो पुन्हा कशाला लावायचा, असा मालकाचा सवाल होता. शाफ्ट काढून टाकणारे पुष्कळ आहेत. त्यासाठी ऑइल पंपाच्या बाजूला आखूड शाफ्ट घालतात आणि शाफ्टच्या बेअरिंगमधली ऑइलची भोके बंद करतात. ती बंद करायला विसरले तर ऑइल प्रेशर पडते.

शाफ्ट कशासाठी आहेत हे आधी पाहू. चार-सिलिंडर इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे वजन तोलले जायला हवे. पण रॉड तिरका होत असल्याने पिस्टनचा वरच्या अर्ध्या भागातला प्रवास खालच्यापेक्षा वेगात होतो. १०० मिमी स्ट्रोकमध्ये क्रँक ९० अंश फिरला की पिस्टन ५० नाही, ५८.६ मिमी खाली आलेला असतो. या फरकातून क्रँकच्या दुप्पट वेगाने वर-खाली हिसका बसतो, आणि चारही सिलिंडरांचा हिसका एकाच दिशेने. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यावर उपाय दिला होता: दुप्पट वेगाने, एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन असंतुलित शाफ्ट. मित्सुबिशीने १९७० च्या दशकात ते सायलेंट शाफ्ट या नावाने दोन वेगळ्या उंचींवर बसवले. पुढे पोर्शने ९४४ साठी त्याचाच परवाना घेतला.

हा हिसका स्ट्रोकच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, रॉड तेवढाच असेल तर. ८८ वरून १०० म्हणजे पिस्टनचे वजन तेच धरले तरी २९ टक्के जास्त. २.० मधून शाफ्ट काढून सुखाने फिरणाऱ्यांचा अनुभव २.४ ला लागू होत नाही तो एवढ्यासाठी. वर्कशॉपच्या प्रमुखाने मालकाला सांगितले, "अहो, बेल्ट तुटला कारण तो बदलला नाही. शाफ्ट काढले तर रोज त्रास तुम्हालाच होणार आहे." शाफ्ट ठेवायचे ठरले, आणि तेही ४जी६४ ब्लॉकमध्ये आलेलेच, ४जी६३ मधले नाहीत.

निष्पत्ती

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. आयडलिंग स्वच्छ. ३,००० च्या पुढे मात्र स्टिअरिंग आणि गिअर लिव्हर थरथरायला लागले. वर-खाली आणि शिवाय आडवेही. मालक म्हणाला, "बघा, म्हणूनच मी शाफ्ट काढा म्हणत होतो." फिटरला संशय माउंटिंगचा, दुसऱ्या एकाला क्लचच्या बॅलन्सचा. दोन्ही तपासले, दोन्ही ठीक.

त्या आडव्या थरथरीत उत्तर होते. दोन्ही शाफ्ट बरोबर बसले असतील तर त्यांचे वर-खालीचे जोर एकत्र येऊन पिस्टनचा हिसका शमवतात आणि आडवे जोर एकमेकांना खातात. एक शाफ्ट १८० अंश उलटा बसला तर नेमके उलट होते. वर-खालीचे जोर एकमेकांना खातात, म्हणजे मूळ हिसका तसाच राहतो, आणि आडवे जोर एकत्र येऊन एक नवाच हिसका तयार करतात. असे बसवलेले शाफ्ट मुळीच नसण्यापेक्षा वाईट.

ऑइल पंपाच्या बाजूचा शाफ्ट गिअरवर फिरतो. पंपाच्या पुल्लीची खूण जुळली तरी शाफ्ट उलटा असू शकतो. म्हणून ब्लॉकच्या बाजूला एक प्लग दिलेला आहे. तो काढून ८ मिमी जाडीच्या स्क्रूड्रायव्हरचा दांडा आत घालायचा. ६० मिमी किंवा जास्त आत गेला तर शाफ्ट बरोबर. २०-२५ मिमीवरच अडला तर पुल्ली एक पूर्ण फेरी फिरवून पुन्हा पाहायचे. बेल्ट उतरवला, प्लग काढला. दांडा बोटाच्या दोन पेरांएवढा गेला आणि ठक्क करून थांबला. पुल्ली एक फेरी फिरवली, दांडा सरळ आत उतरला. बेल्ट पुन्हा चढवल्यावर थरथर गेली. २.० एवढी गुळगुळीत गाडी झाली नाही, ती होणारही नव्हती.

टर्बो आता आधीपेक्षा बराच लवकर भरतो, चढावर गिअर कमी बदलावा लागतो. वरच्या आरपीएमला श्वास लवकर संपतो. हेड २.० चे आहे, त्यातून २.४ ला लागणारी हवा ओढताना ते दिसणारच.

वेगळे काय करता आले असते

क्रँकच्या बोल्टची मोजणी आणि ब्लॉकच्या उंचीचे मोजमाप ही दोन्ही कामे पहिल्या दिवशी, पैसा खर्च व्हायच्या आधी व्हायला हवी होती. दोन्हींना मिळून अर्धा तासही लागत नाही. ब्लॉक आधी विकत घेतला गेल्यामुळे सगळे जण त्याला कसे वापरायचे याचाच विचार करत राहिले. दुसरा पर्याय, लहान ब्लॉकमधला लांब स्ट्रोक, खरे तर पुरेसा तपासलाच गेला नाही. सहा मिलिमीटरच्या सगळ्या उठाठेवींचा वेळ मोजला असता तर तुलना कदाचित बदलली असती. २९ मिमीच्या पिस्टनबद्दलचे माझे मत तरीही तेच राहिले असते.

राहिला एक मुद्दा, ज्यावर आमचे आजही एकमत नाही. ४जी६३ च्या टर्बो ब्लॉकमध्ये पिस्टनच्या पोटावर ऑइल उडवणारे जेट असतात. टर्बो नसलेल्या त्या ४जी६४ मध्ये ते नव्हते. ब्लॉकला भोके पाडून ते बसवता येतात, पण काम नाजूक आहे आणि ऑइल पंपावर भार वाढतो. वर्कशॉपच्या प्रमुखाने नको म्हटले. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) जुन्याच पातळीवर ठेवायचे असल्याने मीही जोर धरला नाही. मालकाने मात्र अलीकडे मोठ्या टर्बोची चौकशी केली आहे. तो बसवायचा असेल तर आधी इंजिन खाली उतरवून जेट बसवावे लागतील, असे त्याला कळवले आहे.